पाहिलेले नाशिक, राहिलेले नाशिक

नाशिकला जाऊन आलेली माणसे महाराष्ट्रात घरोघर सापडतात. दिवाळीची सुटी असो, कुणाच्या अस्थी पोहोचवावयाच्या असोत, की त्र्यंबकला एखादा विधी करावयाचा असो. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाची आयुष्यात एक तरी फेरी नाशिकला होतेच होते. आणि ती फेरी कशी व्हावयाची हेही जणू ठरलेलेच आहे. सकाळी रामकुंडावर जाऊन गंगेचे पाणी डोळ्यांना लावावयाचे, तेथेच एक रिक्षा ठरवावयाची, आणि रिक्षावाला नेईल त्या क्रमाने काळाराम, सीतागुंफा, कपालेश्वर, तपोवन व मुक्तिधाम ही स्थळे भूक लागण्यापूर्वी उरकावयाची. दुपारी मिसळ किंवा थाळी, संध्याकाळी त्र्यंबकेश्वर, आणि परतताना पिशवीत चिवडा व मनुका. झाले नाशिक पाहून!

या फेरीला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. रिक्षावाला दाखवितो ती स्थळे पाहण्याजोगीच आहेत. पण तो जे दाखवितो त्यातले पुष्कळसे पंचवटीत, म्हणजे गोदावरीच्या डाव्या तीरावर आहे. उजव्या तीरावरचे जुने गाव, त्याचे टेक, त्याच्या आळ्या नि बोळ, हे सारे बहुधा पाहावयाचे राहून जाते. आणि जे पाहिले जाते त्याचीही खरी गोष्ट पुष्कळदा ऐकावयाची राहते.

प्रेक्षणीय स्थळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुंपण, तिकिटाची खिडकी आणि 'हात लावू नये' अशी पाटी येते. नाशिकचे तसे नाही. येथील कितीतरी जुन्या वस्तू अजून नोकरीत आहेत! कुणी पुराचे पाणी मोजण्याचे काम करतो, कुणी वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस रस्त्याखाली गाडून घेऊन एक दिवस वर येतो, कुणी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ घरोघर पुस्तके धाडीत आहे. ज्या वस्तूला काम आहे ती लोकांच्या तोंडी आहे. जिचे काम सुटले तिचा पत्ता गावातल्या माणसालाही सांगता येत नाही. एवढे एक सूत्र मनात धरून वाचकांनी आमच्याबरोबर नाशिक हिंडावे. दोन दिवस हाताशी असावेत, पायांत मजबूत चपला असाव्यात, आणि रिक्षा फक्त लांबच्या पल्ल्याला करावी.

नदीकाठचे पहारेकरी

प्रारंभ रामकुंडापासूनच करू. पण स्नान आटोपताच निघण्याची घाई करावयाची नाही. पश्चिमेकडून येणारी गोदावरी येथे दक्षिणेकडे वळते. म्हणून या स्थळाचे माहात्म्य. आणि देशभरातून अस्थी येतात त्या येथेच. रामकुंड १६९६ साली बांधले गेले आणि पुढे पेशव्यांच्या घरातील गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. परंतु कुंड हे एकटे नाही. वरच्या बाजूला लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड; खाली रामगया, पेशव्यांचे कुंड, खंडोबाचे कुंड, ओकांचे कुंड, वैशंपायनांचे कुंड, अशी कुंडांची मोठी रांगच नदीच्या पात्रात होती. देवांच्या बरोबरीने ओक आणि वैशंपायनही नदीत नाव ठेवून गेले, ही नाशिकची खास गंमत!

'होती' असे म्हणावे लागते याचे वाईट वाटते. सिंहस्थाच्या गर्दीला पाय ठेवावयास जागा हवी म्हणून या शतकाच्या प्रारंभी पात्राला सिमेंट-काँक्रीटचे अस्तर घालण्यात आले आणि कित्येक कुंडे त्याखाली गेली. कुंडांच्या तळाशी झरे होते, तेही बुजले. या गोष्टीविरुद्ध नाशिकच्या नागरिकांनी न्यायालयाची पायरी चढली, आणि अलीकडच्या वर्षांत काही कुंडांवरचे काँक्रीट फोडून काढण्यात आले. तेव्हा रामकुंडावर उभे राहिल्यावर पायाखाली काय आहे याची थोडी चौकशी करावी. दगडी पायऱ्या जेथे उघड्या दिसतील तेथे क्षणभर थांबावे.

रामकुंडाच्या खालच्या अंगाला, पात्रातच, दोन तोंडांचा मारुती उभा आहे. हा दुतोंड्या मारुती. पाहुणा त्याला नमस्कार करून पुढे जातो. गावकरी मात्र पावसाळ्यात त्याच्याकडे घड्याळासारखा बघतो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीशी आले, अशा मापाने नाशिकमध्ये पूर मोजतात. कंबर बुडाली की सराफ बाजारातले आणि भांडी बाजारातले व्यापारी माल माडीवर चढवू लागतात. १९६९, २००८ आणि २०१९ या सालचे पूर जुनी माणसे मारुतीच्या हिशेबानेच सांगतात. धरणातून किती घनफूट पाणी सोडले याचे आकडे हल्ली हातातल्या फोनवर येतात. तरी त्या आकड्याचा अर्थ कळण्यासाठी लोक मारुतीचाच फोटो एकमेकांना पाठवितात!

जर्मनीत पासाउ म्हणून तीन नद्यांच्या संगमावर वसलेले एक जुने शहर आहे. तेथल्या नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेषा साल घालून कोरलेल्या आहेत. १५०१ सालची रेषा सर्वांत उंच आणि तिच्या खालोखाल २०१३ सालची. प्रवासी ती भिंत पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करतात. आपला मारुती तेच काम करतो, आणि शेंदूर लावून करतो. पण त्याच्यापाशी सालांची पाटी कुणी लावली नाही. लावली तर पाहुण्यांच्या मुलांना नदीचा स्वभाव एका दृष्टिक्षेपात कळेल.

तेथून नजर वर टाकली की नारोशंकराचे देऊळ दिसते. याचे खरे नाव रामेश्वर. १७४७ साली नारो शंकर राजेबहादूर यांनी ते बांधले. देवाचे नाव मागे पडले आणि बांधणाऱ्याचे राहिले. शिखराच्या शिल्पांत साधू, वाघ, माकडे यांची मोठी दाटी आहे. लहान मुलांना मोजावयाला लावावी. पण प्रसिद्धी आहे ती नदीकडच्या भिंतीवरच्या घंटेची. ही घंटा मुळात देवळाची नव्हेच. तिच्यावर १७२१ हे इसवी सन आहे. ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून देशावर आणल्या. एक वाईजवळ मेणवलीला गेली, एक भीमाशंकराला, आणि ही नाशिकला आली. घंटेला पाणी लागले म्हणजे गावावर संकट, अशी जुनी समजूत आहे. समुद्रकाठी येशूच्या प्रार्थनेसाठी ओतलेली घंटा शंकराच्या दारी येऊन गोदावरीच्या पुराची खूण व्हावी, याहून अद्भुत ते काय असावयाचे?

पंचवटीची दारे

रामकुंडाजवळच्या उंच पायऱ्या चढून कपालेश्वराला जावे. येथे शंकरापुढे नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग शंकराला एका गोऱ्ह्याने दाखविला. म्हणून येथे तो गुरू झाला, आणि गुरूला पुढे बसवून कसे चालेल? अशी कथा आहे. घरातल्या चिमुरड्यांना आधी सांगू नये. काय नाही ते त्यांनाच ओळखू द्यावे.

पुढे काळाराम. रामशेजच्या बाजूच्या काळ्या पाषाणात बांधलेले हे भव्य मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी उभारले. बारा वर्षे काम चालले, तेवीस लक्ष रुपये लागले, असे सांगतात. प्राकार प्रशस्त आहे, सावली आहे, बसावयाला ओवऱ्या आहेत. पाहुणा आत जातो, दर्शन घेतो, बाहेर येतो. ज्या दारातून तो गेला त्या दाराकडे मात्र तो पाहात नाही.

या दाराकडे पाहावयाचे ते २ मार्च १९३० या दिवसासाठी. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या समाजाचे हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने मिरवणूक काढून मंदिराशी आले. मंदिराची दारे बंद करण्यात आली होती. सत्याग्रही दारांशी बसून राहिले. स्थानिक आघाडी सांभाळली ती दादासाहेब गायकवाड यांनी. त्याच वर्षी रामनवमीच्या उत्सवात रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. हा सत्याग्रह थोडाथोडका नव्हे, सुमारे पाच वर्षे चालला. आणि दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याचा आपला निश्चय जाहीर केला. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात कायदा झाला आणि मंदिरे सर्वांना खुली झाली.

दारे एवढ्यासाठी असतात की माणसांनी त्यांतून आत यावे. काळारामाच्या दाराने हे काम पाच वर्षे नाकारले, आणि त्या नकाराने देशाच्या इतिहासाला वळण दिले. आज कुणीही त्या उंबऱ्यावरून सहज आत जातो. सहज जाता येते म्हणूनच घरातील मोठ्यांनी तेथे थांबून मुलांना ही गोष्ट सांगितली पाहिजे. देवळाच्या खांबांची संख्या सांगण्यापेक्षा ती अधिक मोलाची आहे.

पुलापलीकडचे गाव

आता नदी ओलांडावयाची. पूल जुना घ्यावा. १८९५ साली बांधलेला हा दगडी पूल पूर्वी व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा होता. आता तो अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखला जातो. पूल संपतो तेथेच सुंदरनारायणाचे मंदिर आहे. १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधले. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडावेत अशा बेताने त्याची दिशा धरली आहे, असे सांगतात. भोवती रहदारीचा एवढा गलबला असतो की मंदिर समोर असूनही दिसत नाही!

येथून गावात शिरावे. नाशिक हे नाव नऊ शिखांवरून, म्हणजे नऊ टेकड्यांवरून आले, अशी एक उपपत्ती आहे. शूर्पणखेच्या नाकावरून आले, अशी दुसरी. पहिली खरी असो वा नसो, जुन्या गावात चालताना पायांना ती पटते. जोगवाडा, डिंगर आळी, सोनार आळी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक, अशी नावे ऐकत आपण चढत-उतरत असतो. भद्रकालीचे मंदिर शोधताना नवख्याची फसगत होते. त्याला कळस नाही, बाहेरून ते एखाद्या वाड्यासारखेच दिसते. वाडेही अजून आहेत. सागवानी खांब, कोरीव तुळया, आत चौक, चौकात तुळस. मात्र दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते. वारस पाच गावी विखुरलेले, भाडेकरू जुन्या भाड्यावर, आणि दुरुस्ती कुणी करावयाची याचा निवाडा नाही. अशा स्थितीत लाकूड तरी किती दिवस तग धरणार? म्हणून कुणाच्या वाड्याचे दार उघडे दिसले, आणि घरच्या माणसाने 'या' म्हटले, तर संकोच करू नये. पुढच्या खेपेस तो वाडा असेलच असे नाही.

पण जुन्या नाशिकातील सर्वांत नवलाची वस्तू दिवाळीत आलेल्या पाहुण्याला दिसतच नाही. कारण ती त्याच्या पायाखाली असते. तिचे नाव रहाड. रहाड म्हणजे दगडी बांधणीचा चौकोनी हौद. खोली पुरुषभर पाण्याची नि त्याहूनही थोडी अधिक. या रहाडी पेशवेकाळापासूनच्या मानल्या जातात. तिवंध्याच्या चौकात, पंचवटीत शनि चौकात, अशा भर वस्तीत त्या आहेत. पूर्वी त्या पुष्कळ होत्या. हल्ली मोजक्याच उघडतात. वर्षभर त्यांच्यावर लाकडी ओंडके, त्यांवर माती, आणि त्यांवरून रहदारी. भाजीची गाडी जाते, शाळेची मुले जातात, लग्नाची वरात जाते. रंगपंचमी जवळ आली की मानकरी जमतात, रस्ता खणतात, हौद साफ करतात, पाणी भरतात आणि फुलांपासून केलेला रंग त्यात कालवितात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. कुठे पिवळा, कुठे गुलाबी, कुठे केशरी. पूजा झाली की पहिली उडी मानकऱ्याची. मग जी धमाल उडते ती वर्णन करण्यात अर्थ नाही. काठावरून अंग सोडून धप्पकन रंगात पडावयाचे, आणि उडालेल्या रंगाने काठावरचे शंभर लोक भिजवावयाचे, यात एकेकाचे कौशल्य असते. संध्याकाळ झाली की उत्सव संपतो, आणि पुढल्या दिवसांत रहाड पुन्हा बुजविली जाते.

एवढी मोठी वास्तू रस्त्याखाली गाडलेली असूनही गाव तिला विसरत नाही, याचे कारण सरळ आहे. दरवर्षी तिला एक दिवस काम आहे. ज्या रहाडींचे काम बंद पडले, त्या नेमक्या कोणत्या घरापुढे होत्या यावर आता म्हातारी माणसे वाद घालतात.

एक रंगमंच आणि एक वाचनालय

जुन्या गावातच विजयानंद नाट्यगृह होते. पुढे त्याचे सिनेमागृह झाले. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तेथे किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता, आणि भूमिका करावयास बालगंधर्व होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याची मुंबईला बदली झाली होती. त्याला निरोप म्हणून हा प्रयोग ठरला होता. जॅक्सन संस्कृतचा जाणकार म्हणून ओळखला जाई. परंतु बाबाराव सावरकरांवर राजद्रोहाचा खटला चालला त्यात त्याचा हात होता. नाट्यगृहात अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेऱ्यांचे नाव आज शहरातील एका मोठ्या मैदानाला आहे, आणि रोज पहाटे शेकडो नाशिककर तेथे फिरावयास जातात. नाट्यगृहाची जागा मात्र विचारीत विचारीत शोधावी लागते.

विजयानंदच्या उलट नशीब सार्वजनिक वाचनालयाचे. ही संस्था १८४० सालची. म्हणजे सत्तावन सालच्या उठावाच्याही सतरा वर्षे आधी नाशिककर वर्गणी काढून ग्रंथ वाचू लागले होते! महाराष्ट्रातील अगदी जुन्या वाचनालयांपैकी हे एक. आणि ते अजून चालू आहे, ही त्याहून मोठी गोष्ट. पुस्तके देणेघेणे, व्याख्याने, नाटके, आणि निवडणुका व त्यातील भांडणे, हे सारे जिवंत संस्थेला शोभेल असेच तेथे चालते. प्रवासी वाचनालय कशाला पाहील, असे कुणी म्हणेल. पण ज्या गावी कुसुमाग्रज राहिले, ज्या गावी वसंत कानेटकरांनी कॉलेजात शिकवीत नाटके लिहिली, त्या गावचे वाचनालय पाहावयाचे नाही तर काय पाहावयाचे? कुसुमाग्रजांचे १० मार्च १९९९ रोजी निधन झाले. त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान गंगापूर रस्त्याच्या बाजूला आहे. त्यांचा २७ फेब्रुवारी हा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी भाषेचा गौरव भाषणांत होतो. वाचनालयाच्या खिडकीपाशी तो वर्षभर होतो.

मातीची गढी

नदीकाठी, जुन्या गावाच्या कडेला, मातीचा एक उंच ढिगारा आहे. कुणी त्याला जुनी गढी म्हणतात, कुणी मातीची गढी, कुणी काझीची गढी. वर दाटीने घरे आहेत. पाहण्यासारखे तेथे काही नाही असे प्रथम वाटते. परंतु १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया आणि डॉ. देव यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा थरावर थर निघाले. सर्वांत खाली ताम्रपाषाणयुगाच्या खुणा; वर सातवाहनांच्या काळची वस्ती; त्याच्या वर मुसलमानी व मराठी अमदानी. एका गावाचे तीन हजार वर्षांचे रोजनामे मातीत एकावर एक रचून ठेवलेले! या उत्खननाचा अहवाल १९५५ साली निघाला आणि अभ्यासकांच्या जगात नाशिकचे नाव झाले.

गावात मात्र ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. दर पावसाळ्यात गढीचा कडा ढासळतो. वरच्या कुटुंबांना स्थलांतराच्या नोटिसा जातात, पावसाळा सरतो, आणि सारे पुन्हा जैसे थे. कड्यावर राहणाऱ्याचा जीवही महत्त्वाचा आणि कड्यातला इतिहासही. दोहोंचीही सोय व्हावयास हवी, आणि ती भिंत बांधण्याएवढी सोपी नाही. पाहुण्याने वर चढून गर्दी करू नये. नदीच्या बाजूने, खालूनच, कड्याकडे पाहावे. मातीत खापरांचे तुकडे अडकलेले दिसतात. ते काढू नयेत.

शरणपूर

दुसऱ्या दिवशी नव्या नाशिककडे वळावे. शरणपूर रोड म्हणजे आज दुकाने, इस्पितळे, खाण्याची ठिकाणे आणि मोटारींची रांग. 'शरणपूर' हे नाव कशावरून पडले, असे दहा जणांना विचारावे. नऊजण मान हलवितील.

१८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने येथे ख्रिस्ती वसाहत स्थापिली. तिचे हे नाव. पाद्री विल्यम प्राइस हे तिचे चालक. त्या काळी इंग्रजांचे आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडीत असे. त्यांतून सुटका झालेली आफ्रिकेची मुले मुंबईला उतरवीत आणि त्यांपैकी अनेकांना या शरणपूरच्या आश्रमात धाडीत. मुले शाळा शिकत, सुतारकाम नि लोहारकाम शिकत. आफ्रिकेच्या प्रवासी जगात त्यांना 'नाशिकची मुले' असे नावच पडले. १८७४-७५ च्या सुमारास प्राइस यांनीच आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रेअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, आणि शरणपूरची कितीतरी मंडळी तेथे गेली. त्या वसाहतीला ज्यांचे नाव दिले ते सर बार्टल फ्रेअर आपल्याच मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर.

या मुलांपैकी एकाचे नाव जेकब वेनराइट. मध्य आफ्रिकेत हिंडणारा प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आजच्या झांबिया देशातील एका खेड्यात वारला, तेव्हा वेनराइट त्याच्या सोबत्यांत होता. लिव्हिंग्स्टनचे काळीज तेथेच एका झाडाखाली पुरले. प्रार्थना म्हटली ती वेनराइटने, आणि झाडाच्या सालीवर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग या सोबत्यांनी ते शव खांद्यावर घेऊन महिनोन्महिने चालत शेकडो कोस दूर समुद्रकिनारी आणले. वेनराइट ते शव घेऊन इंग्लंडला गेला. आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला मूठमाती दिली, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत हा नाशिकला शिकलेला तरुण होता. ज्या अक्षरांनी त्याने झाडावर ते नाव कोरले, ती तो शिकला शरणपूरला. एवढी मोठी गोष्ट या रस्त्याच्या पोटात आहे, आणि आपण तेथे गाडी कुठे लावावी या विवंचनेत असतो!

तिरण्हु डोंगर

अखेरीस शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यालगतची पांडवलेणी. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. त्र्यंबकला जन्मलेले फाळके १९४४ साली नाशिकातच वारले. वीसपंचवीस मिनिटांची चढण चढली की एका रांगेत चोवीस लेणी. ही पांडवांची नव्हेत; बौद्ध भिक्षूंसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहेत. डोंगराचे नाव शिलालेखांत 'तिरण्हु' असे आले आहे, आणि 'नासिक' हे गावाचे नावही त्यांत आहे. म्हणजे नाव निदान दोन हजार वर्षांचे जुने!

दहाव्या लेण्यातील एक लेख तर बँकेत काम करणाऱ्या वाचकांनी आवर्जून पाहावा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने या लेण्याच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेविली. ती ठेव होती गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दलास हात लावावयाचा नाही. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. आणि वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब चोख!

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती कोरून ठेविली आहे. त्याने नहपानाच्या वंशाचा पाडाव केला. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे मिळाला: नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला. शत्रूची नाणी त्याने वितळविली नाहीत. शिक्का मारून पुन्हा बाजारात, कामावर पाठविली. नाण्यांची आवड असणाऱ्यांनी त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचे नाणकशास्त्राचे संग्रहालय जरूर पाहावे.

मग एवढ्या चोख व्यवस्थेचे काय झाले? विणकरांच्या श्रेणी कधीतरी विखुरल्या, व्याज थांबले, भिक्षू गेले. लेणी तशीच राहिली. परंतु ती कुणी कोरली, कशासाठी कोरली, हे गाव विसरले. विसरलेल्या जागेला नाव हवे म्हणून लोकांनी पांडवांना बोलाविले. भिंतीवर लेख होताच. पण तो वाचणारा एकही माणूस शतकानुशतके गावात नव्हता.

आमच्या मते नाशिकची ही सर्वांत मोठी शिकवण. दगड पुष्कळ टिकतो. स्मृती मात्र टिकते ती माणसांच्या येण्याजाण्याने, देण्याघेण्याने. दुतोंड्या मारुती आणि रहाड यांना पुराणवस्तू म्हणून कुणी जपले नाही. ती कामात राहिली म्हणून राहिली. अर्थात नुसता वापरही पुरत नाही. वापरासाठीच तर कुंडांवर काँक्रीट पडले! वापर हवा तो जाणून केलेला.

तेव्हा यंदाच्या सुटीत नाशिकला याल तेव्हा दर्शनाची यादी तोकडी ठेवा आणि चौकशी लांबवा. मारुतीपाशी पुराचे साल विचारा, तिवंध्यावर रहाडीची जागा विचारा, वाचनालयात डोकावून एखादा अंक चाळा. विचारणारा भेटला की सांगणाऱ्यालाही आठवावे लागते. आणि जमल्यास रंगपंचमीला पुन्हा या. येताना जुने कपडे घालून या. रहाडीचा रंग लवकर जात नाही.